‘ह्या लेकराच्या डोक्यातच नाही’ : बुद्ध्यांक, रक्त आणि सहा महिन्यांचा कोयता

बालाघाटची_बाई
१९ सप्टेंबर, रात्री ९:४०

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे मी, अकरा वर्षं झाली. दसरा सरला की ऊसतोडीमुळं आमचा पट अर्ध्यावर येतो. मुकादमानं उन्हाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन ठेवलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब ठरलेला असतो. ज्यांच्या घरी सांभाळायला म्हातारी नाही, ती लेकरं ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यावर बसून सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगंमागं परततात.

चौथीतल्या एका मुलीबद्दल लिहितेय. तिला इथं सोनी म्हणू. एप्रिलमध्ये तालुक्याला एका शिबिरात तिची बुद्ध्यांक चाचणी झाली. फडावरून येऊन तिला तीनच दिवस झाले होते. अहवाल आत्ता हातात पडला : ७४. ‘सीमारेषेवर’ असा शेरा.

चाचणी चालू असताना मी मागं बसून होते. लाल-पांढरे ठोकळे पुढं ठेवले, चित्रातल्यासारखी नक्षी जुळव म्हणाले. तिनं आधी हातच लावला नाही. मान वळवून माझ्याकडं बघितलं, ‘घेऊ का?’ अशा नजरेनं. मी मान हलवल्यावर एक ठोकळा उचलला, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. तिच्या हातात असली रंगीत वस्तू पहिल्यांदाच आली असावी. मग जुळवायला लागली. घड्याळ थांबलं तेव्हा एक ठोकळा राहिला होता. तो तिनं लगेच बसवला, बरोबर बसवला. पण त्या नक्षीचे गुण गेले. पुढं अंक उलटे म्हणायला सांगितले, तर ती दोन्ही वेळा सुलटेच म्हणाली. चाचणी घेणाऱ्या बाई बोलत होत्या तेव्हाही ती अशीच मान वळवून बघत होती.

निघताना पथकातले एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, आई-बाप अंगठेबहाद्दर, लेकराच्या डोक्यातच नाही. रक्तातून येतं ते. उगाच जीव काढू नका.” मला उत्तर सुचलं नाही, ते पाच महिने सलतंय. भावनेनं नाही, अभ्यासानं उत्तर हवंय. बुद्धी किती आई-बापाकडून येते आणि किती परिस्थितीतून? ‘सत्तर टक्के रक्ताची, तीस टक्के संस्काराची’ असं काही खरंच मोजलेलं आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. दसऱ्याला गाड्या लागणार आहेत.

रोखठोक_जालना
१९ सप्टेंबर, रात्री ११:०५

बाई, तुमची तळमळ कळते. पण अभ्यासानं उत्तर मागितलंत तर ते पूर्ण द्यायला हवं, म्हणून न आवडणारी बाजू आधी मांडतो. जनुकांचा वाटा आहे आणि तो लहान नाही.

समरूप जुळ्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी असतात, भिन्न जुळ्यांची सख्ख्या भावंडांसारखी सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारच्या जोड्यांच्या बुद्धिचाचणीतल्या गुणांचं साम्य ताडून वारशाचा वाटा काढतात. २०१० मध्ये चार देशांतल्या ११,००० जुळ्यांच्या जोड्यांवरचं विश्लेषण आलं. मुलामुलांच्या गुणांतल्या फरकात जनुकांचा वाटा नवव्या वर्षी ४१ टक्के, बाराव्या वर्षी ५५, सतराव्या वर्षी ६६. वय वाढतं तसा हा आकडा वाढतो. २०२२ मध्ये तर तीस लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेली डीएनएमधली जवळपास चार हजार ठिकाणं सापडली. प्रत्येकाचा परिणाम अगदी बारीक, पण एकत्र धरले तर लोकांच्या शिक्षणातल्या फरकाचा १२ ते १६ टक्के भाग त्यातून सांगता येतो.

तेव्हा ‘जनुकांचं काही नसतं, सगळं शिक्षकाच्या हातात’ असं उत्तर त्या गृहस्थांना देऊ नका. ते टिकणार नाही.

रब्बीवाला
२० सप्टेंबर, सकाळी ६:५०

रोखठोक, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण त्या आकड्याचा अर्थ लावताना भलेभले घसरतात. मी परभणीचा, उभा जन्म ज्वारीच्या वाणांच्या चाचण्या घेण्यात गेला. हा आकडा आम्ही दर हंगामात काढतो, म्हणून तो काय सांगतो आणि काय सांगत नाही ते रानातूनच सांगतो.

समजा, एक सपाट काळं रान आहे. माती सारखी, ओल सारखी, खत मापून टाकलंय. त्यात वीस वाण पेरले. ताटांच्या उंचीत जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा बियाण्याचा, म्हणजे वारशाचा वाटा ८०-९० टक्के. आता तेच वीस वाण उताराच्या रानात पेरा, वर मुरूम, खाली गाळ, मध्ये खडक. तिथं फरक मुख्यतः मातीनं पडणार आणि वाटा २०-३० वर येणार. बियाणं तेच आहे, त्यातला एक कणही बदललेला नाही. म्हणजे तो आकडा बियाण्याचा नव्हताच. तो त्या रानातल्या, त्या हंगामातल्या फरकांचा होता. उलट टोकाला जाऊन बघा. एकच शुद्ध वाण सगळीकडं पेरला तर वारशाचा वाटा शून्य येतो, कारण बियाण्याबियाण्यात फरकच उरला नाही. म्हणून काय ज्वारीला ज्वारी जनुकांनी केलं नाही असं म्हणायचं?

बाई, म्हणून ‘सत्तर टक्के रक्ताची’ हे वाक्य एका लेकराबद्दल बोलताच येत नाही. सोनीच्या ७४ मधले किती गुण आईचे आणि किती परिस्थितीचे, हा प्रश्न एका कणसातले किती दाणे बियाण्याचे आणि किती पावसाचे असं विचारण्यासारखा आहे. मोजता येतात ते पुष्कळ लेकरांमधले फरक, तेही ती सगळी कोणत्या रानात वाढली हे सांगूनच.

हे गणित बसवणारा रोनाल्ड फिशर. नातेवाइकांमधल्या साम्यावरचा त्याचा मूळ निबंध १९१८ चा. पुढं तो इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती केंद्रावर गेला आणि १९२३ मध्ये बटाट्याच्या वाणांना वेगवेगळी खतं देऊन तीच पद्धत शेतात वापरली. म्हणजे बुद्धीच्या वादात जो हिशेब फेकतात, तो आमच्या बांधावरच वाढलाय.

आता खरी गोष्ट. कोणता वाण चांगला, हे शेतकऱ्यानं विचारलं की मी आधी विचारतो, रान कसलं? खोल काळी जमीन असेल तर परभणी मोती घ्या. हलकी असेल तर फुले अनुराधा. खोल रानातला पहिला नंबर हलक्या रानात पहिला राहीलच असं नाही. बियाण्याचा परिणाम रानावर अवलंबून असतो आणि रानाचा बियाण्यावर. दोघांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आमच्याकडं ह्याला आंतरक्रिया म्हणतात, आणि ती नजरेआड केली तर शिफारस चुकते, शेतकरी बुडतो.

जनावरांतही तेच आहे. हिरवा चारा, पेंड, सावली असेल तर होल्स्टिनची संकरित गाय देवणीपेक्षा कितीतरी जास्त दूध देते. २०१५-१६ च्या दुष्काळात छावणीत उन्हात बांधलेल्या संकरित गाई कशा धापा टाकत होत्या आणि देवणी, लाल कंधारी कशा तग धरून होत्या, ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको.

उंदरांवर हे १९५८ मध्येच दाखवलेलं आहे. कूपर आणि झुबेक ह्या दोघांनी चक्रव्यूहात हुशार ठरलेल्या आणि मठ्ठ ठरलेल्या, पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेल्या दोन वंशांचे उंदीर घेतले. साध्या पिंजऱ्यात दोघांत मोठा फरक होता. काहीच नसलेल्या उजाड पिंजऱ्यात वाढवले तर हुशार वंशही मठ्ठाइतकाच चुकायला लागला. खेळणी, बोगदे, उतार असलेल्या पिंजऱ्यात मठ्ठ वंश हुशाराच्या जवळ आला. फरक जनुकांचाच होता, पण तो दिसायचा की नाही हे पिंजरा ठरवत होता.

आणि माणसांत : २००३ मध्ये अमेरिकेत टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांची जुळी तपासली. सुखवस्तू घरांत गुणांमधला फरक बहुतांशी जनुकांचा निघाला. गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य, आणि घरच्या परिस्थितीचा सुमारे ६० टक्के. खोल काळं रान आणि मुरमाड रान, दुसरं काय.

रोखठोक_जालना
२० सप्टेंबर, सकाळी ९:१५

रब्बीवाला सर, मुरमाड रानाचा मुद्दा मान्य. फक्त एक भर घालतो. टर्कहायमरचा निष्कर्ष सगळीकडं सारखा निघालेला नाही. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा तो अमेरिकेत दिसला, पण पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही.

रब्बीवाला
२० सप्टेंबर, सकाळी ९:४०

बरोबर, आणि हे तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. त्या देशांत गरिबाच्या पोरालाही बऱ्यापैकी शाळा आणि दवाखाना मिळतो, हे त्यामागचं कारण असावं असं अभ्यासकांनी सुचवलंय. म्हणजे रान सरकारनंच सपाट केलेलं. आमचं डोंगरपट्ट्यातलं रान त्यातलं कुठलं, हे बाईंना विचारा.

लातूरची_आई
२० सप्टेंबर, दुपारी २:३०

माझा प्रश्न साधा आहे. माझी दोन मुलं. घर एकच, जेवण एकच, शिकवणीसुद्धा एकच. थोरला नीटला पहिल्या झटक्यात बसला. धाकटीचं दोनदा राहिलं, आणि ती थोरल्यापेक्षा जास्त तास बसते. लातुरात राहून हे बघणं किती जड जातं ते शब्दांत सांगता येत नाही. तिच्यात काही कमी आहे का?

रोखठोक_जालना
२० सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

ताई, नाही. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मीच जनुकं सारखी वाटून येतात, त्यामुळं दोघं वेगळी असणं हाच नियम आहे. आणि नीट ही एका दिवसाची, तीन विषयांची परीक्षा. तिच्यावरून बुद्धी मोजायला कुणी बसलेलंच नाही.

‘घर एकच’ हेही पूर्ण खरं नसतं. लहानपणापासून ज्याला वाचायची ओढ असते तो पुस्तक मागतो, त्याला पुस्तक मिळतं, शिक्षक त्याला पुढं बसवतात, मित्रही तसेच मिळतात. सुरुवातीचा बारीक फरक परिस्थितीला आपल्याकडं ओढून घेतो आणि परिस्थिती तो फरक फुगवते. डिकन्स आणि फ्लिन यांनी २००१ मध्ये ह्याचं गणितच मांडलं. वय वाढतं तसा वारशाचा आकडा का वाढतो, त्याचं एक स्पष्टीकरण हेच आहे. माणूस मोठा होतो तसं स्वतःचं भोवताल स्वतः निवडायला लागतो.

हे लिहिताना मला सोनी आठवली, आणि काल रात्रीपेक्षा आज माझं मत थोडं हललंय. निवडायला काही समोर असेल तरच हे चक्र फिरतं. फडावर ती काय निवडणार?

आणखी एक गोष्ट मी काल सोडली होती. तो फ्लिन म्हणजे जेम्स फ्लिन. त्यानं १९८४ मध्ये अमेरिकेचे आणि १९८७ मध्ये १४ देशांचे जुने गुण तपासले. पिढीगणिक गुण वाढत गेलेले, अमेरिकेत दर दहा वर्षांना साधारण तीन. इतक्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत. उंचीसारखंच हे. उंची भरपूर वारशानं येते, तरी आजोबांपेक्षा नातू उंच निघतोच.

गोदाकाठ_बालरोग
२१ सप्टेंबर, रात्री १२:१०

नांदेडला मुलांचा दवाखाना आहे, आत्ता मोकळा झालो. ‘जनुकातलं म्हणजे न बदलणारं’ हा समज आधी डोक्यातून काढा. फेनिलकीटोन्युरिया नावाचा आजार शंभर टक्के जनुकांचा आहे. एका जनुकातल्या दोषानं प्रथिनातला एक घटक पचत नाही आणि मेंदूची हानी होते. १९३४ मध्ये फोलिंग ह्या नॉर्वेच्या डॉक्टरनं तो ओळखला. आज तान्हेपणी टाचेच्या रक्ताच्या थेंबावर कळला आणि आहार बांधून दिला, तर ते मूल सर्वसाधारण बुद्धीचं वाढतं. जनुक तेच राहतं, फक्त ताट बदलतं.

ताटाचंच आणखी सांगतो. ज्या भागांत आयोडीनची तूट असते तिथल्या मुलांचे गुण तूट नसलेल्या भागांतल्या मुलांपेक्षा सरासरी साडेतेराच्या आसपास कमी निघाले, असं १९९४ च्या एकत्रित विश्लेषणात आहे. चिमूटभर मिठाचा हा प्रश्न. आपल्या बाजारी खडे मीठ स्वस्त मिळतं म्हणून अजून घेतात, तेव्हा गावात पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय का ते बघायला सांगा. रक्तक्षय तर माझ्याकडं रोजचाच. पापणी खाली ओढली की आत गुलाबी दिसायला हवं तिथं पांढुरकं दिसतं. असं लेकरू वर्गात बसतं, पण लक्ष टिकत नाही.

नुसतं अन्न पुरतं का? जमैकात १९८६-८७ मध्ये १२९ खुरटलेली बाळं घेतली, ९ ते २४ महिन्यांची. काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची, आईला बाळाशी कसं बोलायचं, घरातल्याच वस्तूंची खेळणी कशी करायची ते दाखवायची. दोन वर्षं एवढंच केलं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. ज्यांना नुसतं दूध दिलं होतं त्यांच्यात हा टिकाऊ फायदा दिसला नाही. मग अन्नानं काही होत नाही असं समजू नका. ग्वाटेमालात १९६९ पासून दोन खेड्यांत लहान मुलांना प्रथिनांची पेज दिली आणि दोन खेड्यांत साधं सरबत. पेज मिळालेली मुलं मोठेपणी वाचनात आणि तर्काच्या चाचण्यांत पुढं होती.

उलटं उदाहरणही सांगायला हवं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. त्या वेळी पोटात असलेली मुलं एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीत तपासली, तर चाचणीच्या गुणांत फरक नव्हता. काही महिन्यांच्या उपासमारीनंतर पुन्हा पोटभर अन्न, शाळा, घर मिळालं तर मेंदू बरंच भरून काढतो. आपल्याकडची अडचण अशी की कोयता दर वर्षी येतो.

मराठवाड्यानं ह्या बाबतीत राज्याला वाट दाखवली होती हे विसरू नये. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबादहूनच सुरू झालं. पहिल्या दोन वर्षांवर भर द्यायचा, हा विचार त्यातून गावोगाव पोचला.

आता बाई, तुमच्याकडून मला एक माहिती हवीय. ती मान वळवून बघत होती असं तुम्ही दोनदा लिहिलंत. एकाच बाजूला वळवते का? चाचणी घेणाऱ्या कोणत्या बाजूला बसल्या होत्या? तिचा कान कधी वाहतो का?

कोपीतला
२१ सप्टेंबर, सकाळी ७:२०

डॉक्टरांचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी स्वतः फडावरचा. आता चाकणला नोकरीला आहे.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी : कोपी म्हणजे बांबूच्या कमानीवर पाचट नाहीतर ताडपत्री, आत उभं राहता येत नाही. पहाटे चारला आई-बाप फडात जातात. मोठं लेकरू बारक्याला घेऊन बांधावर बसतं, थंडीत, पाचटाचा जाळ करून. बारकं रडलं की झोका द्यायचा. दुपारी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंड्या बांधायच्या. गाडी रात्री भरायची असेल तर झोप तुटली. ह्यात पुस्तक कुठं बसतं सांगा.

आम्ही दोघं भाऊ. मी सात वर्षांचा, तो नऊचा. आजी म्हणाली, माझ्याच्यानं एकच सांभाळणं होतं. बारका म्हणून मी राहिलो आणि तो गेला. पाच हंगाम गेला. घरात गणितं तो माझ्याआधी करायचा, सगळ्या वस्तीला माहीत आहे. आज तो टोळीत आहे आणि मी इथं. ही काही चाचणी नाही, एका घराची गोष्ट आहे. पण कुणी रक्ताचं बोललं की मला माझा भाऊ दिसतो. रक्त तर एकच होतं.

मोठ्या माणसांचंही सांगतो. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच माणसांना तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, आकृत्यांचं तसलंच कोडं घातलं. पैसा आल्यावर जास्त उत्तरं बरोबर आली. माणूस तोच, काही महिन्यांचा फरक. ते ऊस पिकवणारे होते, तोडणारे नव्हेत. उचल फिटेल का नाही ह्या घोरात झोपणाऱ्याचं काय होत असेल?

निजामकालीन
२१ सप्टेंबर, दुपारी १:१५

अवघड विषय आहे, पण टाळून चालणार नाही. वारसा मान्य केला की उद्या कुणीतरी म्हणणार, अमुक जातीची पोरं जात्याच हुशार आणि तमुक जात्याच ढ. आमच्या भागात आजही हे तोंडावर बोलतात. त्याचं काय?

रब्बीवाला
२१ सप्टेंबर, संध्याकाळी ५:४५

त्याचं उत्तर १९७० मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन ह्या जनुकशास्त्रज्ञानं दिलेलं आहे, आणि मी ते पोरांना वाफ्यातच दाखवतो. एकाच पोत्यातलं मिसळलेलं बियाणं घ्या. एक मूठ चांगल्या वाफ्यात, एक मूठ नत्र-जस्त नसलेल्या वाफ्यात. प्रत्येक वाफ्याच्या आत उंचीचा फरक पूर्णपणे बियाण्याचा, कारण आतली माती सारखी. दोन वाफ्यांमधला फरक मात्र पूर्णपणे मातीचा, कारण पोतं एकच. गटाच्या आत वारसा कितीही मोठा निघो, त्यावरून दोन गटांमधल्या फरकाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

रोखठोक यांनी सांगितलेला तीस लाखांचा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचा आहे. त्यातून काढलेला जनुक-गुणांक, म्हणजे त्या सगळ्या ठिकाणांचा मिळून एक आकडा, इतर वंशाच्या लोकांना लावला की त्याची ताकद खूपच घटते. आपल्या लेकरांना तो लावण्यात अर्थ नाही.

आणि जातीवर तर थेट प्रयोग झालेला आहे. हॉफ आणि पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतली ३२१ तथाकथित वरच्या जातींची आणि ३२१ तथाकथित खालच्या जातींची मुलं घेतली, कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात सांगितली नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, जात पुकारली आणि मग सोडवायला दिलं, तेव्हा खालच्या ठरवलेल्या जातींच्या मुलांचे चक्रव्यूह कमी सुटले. त्या पाच मिनिटांत कुणाचं जनुक बदललं? म्हणून बाईंसमोर, लेकराला ऐकू जाईल असं ‘रक्तातच नाही’ म्हणणाऱ्याचा मला राग येतो. ते वाक्य स्वतःच परिस्थितीचा भाग होऊन बसतं.

गोदाकाठ_बालरोग
२१ सप्टेंबर, रात्री ११:३०

एक जोडतो. अशी चाचणी ज्यांनी पहिल्यांदा बनवली त्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये ती पॅरिसच्या शाळांतल्या कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखायला बनवली होती. आपल्याकडं व्ही. व्ही. कामत यांनी पुढं तिचं कानडी-मराठी मुलांसाठी रूप केलं. बुद्धी ठरीव असते, वाढत नाही, ह्या मताच्या विरोधात बिने यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

फ्रान्समधलीच आणखी एक नोंद. चार ते सहा वर्षांच्या, आधी हेळसांड झालेल्या मुलांना दत्तक दिलं. त्या वेळी सरासरी ७७ च्या आसपास. वयात आल्यावर पुन्हा मोजलं. गरीब घरांत गेलेल्यांची सरासरी ८५ च्या पुढं, सुस्थितीतल्या घरांत गेलेल्यांची ९८. ड्यूम यांचा अभ्यास, १९९९. बाई, ७४ हा आकडा वाचताना हे शेजारी ठेवा. शाळेचं एकेक वर्षही मोजलेलं आहे. सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा शाळेच्या दर वर्षामागं एक ते पाच गुणांची वाढ निघाली.

कानाचं कळवा.

बालाघाटची_बाई
२९ सप्टेंबर, रात्री १०:२०

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. रब्बीवाला सरांचा वाफ्याचा प्रयोग चौथीच्या वर्गात लावलाय, मटकी घेऊन, खिडकीत. एका डब्यात शेणखताची माती, एकात नुसती वाळू.

डॉक्टर, मी आधी आठवून बघितलं. चाचणी घेणाऱ्या बाई तिच्या डाव्या हाताला बसल्या होत्या आणि पंखा चालू होता. मग शाळेत तिच्या मागं उभं राहून हळू आवाजात हाक मारली. उजवीकडून मारली तर वळते. डावीकडून मारली तर नाही. चार वर्षं माझ्या वर्गात आहे ती, आणि मी हे बघितलं नव्हतं. त्याचं फार वाईट वाटलं.

आईला विचारलं तर म्हणाली, “कान तर फुटतोच की बाई तिचा, दरसाली थंडीत. तेल घालतो कोमट.” गुरुवारी बीडला घेऊन गेले. डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे. त्या कानानं बरंच कमी ऐकू येतं असा मशीनवरचा अहवाल आला. कान आधी कोरडा करायचा, पाणी आणि तेल बंद, सहा आठवड्यांनी परत बोलावलंय, पडदा बसवायचा का ते तेव्हा ठरेल. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठच्या खाली आहे. गोळ्या चालू केल्या. मी तिला पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसवलंय, म्हणजे उजवा कान वर्गाकडं राहतो. बुद्ध्यांक परत मोजायचा तो कान आणि रक्त सुधारल्यावर, फेब्रुवारीच्या आत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ७४ चे किती होतील ते माहीत नाही. कदाचित फार होणारही नाहीत. रोखठोक म्हणतात तो वाटा असेलच. पण तो आकडा आत्ता काय मोजत होता, ते मला कळलंय.

फेब्रुवारीत ती इथं असायला हवी, ही अडचण उरली. हंगामी वसतिगृहात तिचं नाव घातलंय, चुलतीकडं झोपायची सोय होतेय. बाप तयार आहे. म्हणाला, उचल दोघांची आहे, तिची नाही. आई ओसरीवर भाकरी थापत होती, तिनं हात थांबवले आणि विचारलं, “मग बारक्याला कोण बघंल?” बारकं दहा महिन्यांचं आहे. मला काही बोलता आलं नाही. गाडी पुढच्या आठवड्यात लागणार आहे. उद्या परत जाणार आहे तिच्याकडं.

कोपीतला
२९ सप्टेंबर, रात्री १०:५५

बाई, त्यांचा मुकादम कोण आणि गाडी कोणत्या कारखान्याला चाललीय ते मला खासगीत कळवा. त्याच तळावर माझ्या भावाची टोळी असेल तर वहिनी यंदा फडात जाणार नाही, तिचे दिवस भरत आलेत. ती कोपीवरच असते दिवसभर. भावाला आत्ताच फोन लावतो.